बाबांना चालेल असा पलंग

...नाही, पण मी म्हणतो, माणसानं चांगलं असावं, पण किती? काही धरबंद? तुम्हाला सांगतो, घरात नवाकोरा पलंग, त्यावर ही एवढी जाड गादी, आणि आमचे म्हातारे बाबा, कंबर दुखते, गुडघे कुरकुरतात, ते झोपलेत कुठे? खाली! फरशीवर! सतरंजी टाकून! आणि बोलायला गेलं तर वर मलाच ऐकवतात, 'अरे, मला असंच आवडतं!'

हे 'मला असंच आवडतं' आजचं नाही हो. बाबा बुटांच्या दुकानात कामाला होते. आता दुकानाच्या काचेत नमुन्याला एक बूट मांडतात, बरोबर? एकच. त्याचा जोडीदार आत खोक्यात. काचेतला उन्हानं विटतो, खोक्यातला राहतो तसाच चकचकीत. मग असली जोडी घेणार कोण? आमचे बाबा घेणार! डावा पाय कॉफी, उजवा पाय दुधाळ चहा! शाळेत मला न्यायला यायचे, पोरं त्यांच्या पायांकडे बघून खिदळायची, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि हे खुशाल हसत, 'मला असेच आवडतात!' आणि माझ्या पायात? दर वर्षी नवे. दोन्ही एका रंगाचे. जाऊ दे.

पावाचं करपलेलं टोक बाबांचं. कान तुटलेला कप बाबांचा. बसलं की टोचणारी खुर्ची, तीही बाबांचीच. आणि मी इतका भाबडा, मला खरंच वाटायचं, की ह्या माणसाची आवडच जगावेगळी! एकदा तर त्यांच्या वाढदिवसाला मी मुद्दाम, प्रेमानं, अख्खा पाव करपवून दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आनंदानं!

बरं, वडिलांचा आदर्श म्हणून मीही तेच उचललं. आता एका घरात असले दोन बाप्ये, म्हणजे काय होत असेल? सकाळी ताटलीत एक काळा पाव. मी म्हणतो, 'बाबा, तो इकडे द्या.' 'छे, मला आवडतो.' 'मलाही आवडतो!' 'तुला? कधीपासून?' बायको कपाळावर हात मारते, 'अहो, चांगला पाव सुकून चाललाय आणि तुम्ही दोघं कोळशावरून काय भांडताय!'

पण पलंगाचं तसं नाही ना. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, 'जमिनीवरून उठताना एकदा जरी पडले आणि खुबा मोडला, तर पुन्हा उभे राहतील असं मी सांगू शकत नाही.' तसाच जाऊन पलंग आणला. बाबांनी गादी दाबून बघितली, म्हणाले, 'झकास! तुम्ही दोघं झोपा.' मी विनवलं, रागावलो, अबोला धरला. शेवटी म्हटलं, तुम्ही खाली तर मीही खाली, आणि झोपलो शेजारी. तर स्वतःची उशी काढून माझ्या डोक्याखाली सरकवली! अशा माणसाशी लढायचं तरी कसं? रोज सकाळी टेबल धरून, मग खुर्ची धरून, मग भिंत धरून उठणार, आणि मी दाराआड श्वास रोखून उभा. अहो, त्या माणसाला जन्मात एकदा, एकदाच काहीतरी चांगलं द्यायचंय मला, तर तो घेत नाही! काय करू?

परवा बायको वैतागली. 'देऊन टाका परत तो पलंग! नुसती जागा अडवतोय, वर करकरतोय मेला!'

बाबांचे कान टवकारले. 'करकरतो?'

आता तो पलंग बिलकुल करकरत नव्हता. तिनं आपलं रागात ठोकून दिलं. पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला! म्हटलं, 'हो ना बाबा, भयंकर करकरतो. गादीही टोचते. साफ फसलो. दुकानदार परत घेईना. आता झोपीन मीच, दुसरं कोण झोपणार?'

'तू? तुला कामावर जायचं असतं! सरक, सरक बाजूला!' आणि चढले की हो!

या कुशीवर वळले, त्या कुशीवर वळले, मग उठून बसले. 'करकरत तर नाही रे...' चेहऱ्यावर संशय. आता आली का पंचाईत? ते अंघोळीला गेल्याबरोबर मी पाना घेऊन नव्याकोऱ्या पलंगाखाली शिरलो आणि नट ढिले केले, मोडणार नाही पण बोंबलेल, इतपत. दुपारी बाबा आडवे झाले. कर्रर्र! काय समाधान त्यांच्या तोंडावर! 'असू दे, असू दे, मला असाच आवडतो.' आणि लहान मुलासारखे गाढ झोपले. मी दारात उभा राहून डोळे पुसले, खोटं नाही सांगत.

म्हटलं, मिटलं. कसलं मिटतंय! काल आत्या आली. बाबांची धाकटी बहीण, तोंडानं फटकळ. तिच्यादेखत बाबा वळले, कर्रर्र! वर कौतुकानं सांगतात, 'अगं, हा कुणालाच नको होता, म्हणून मी घेतला!'

झालं! 'लाज नाही वाटत? बापाला घरातला टाकाऊ पलंग? हेच शिकवलं का रे त्यानं तुला?' मी काय बोलणार? बाबा समोर! खरं सांगितलं की उतरलेच ते फरशीवर. मान खाली घालून ऐकून घेतलं सगळं. आज सकाळपासून नातेवाइकांचे फोन येताहेत, मामांनी तर माझं नाव टाकलं.

तेही सोसलं असतं. पण आत्या नुसती बोलून थांबते थोडीच? सुताराच्या डोक्यावर बसून तिनं भावासाठी पलंग करून घेतलाय. भक्कम लाकूड, नट नाही, खिळा नाही, वर कापसाची मऊ गादी. 'नाचलं तरी आवाज यायचा नाही,' म्हणे. उद्या सकाळी येतोय... आता तुम्हीच सांगा, त्याला नावं तरी काय ठेवू?