पहिला घोट

दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. धाकटीच्या कडेवर मूल असावं तसं कॉफीचं मशीन होतं, थोरलीच्या हातात बंद पडलेली इस्त्री.

"काय झालंय गं त्याला?"

"कॉफी आंबट येते हो काकू. आणि दुधावर साबणासारखे बुडबुडे."

"मग त्या बिचाऱ्याला कशाला नावं ठेवतेस? पाणी नीट तापत नसेल. आधी एक कप नुसतं गरम पाणी सोडून दे, मग कॉफी भर. आमचे हे तसंच करतात."

"आणि दूध?"

"वाफेच्या नळीचं टोक जेमतेम बुडव. कापड फाटल्यासारखा बारीक आवाज यायला हवा. भांड्याला हात लावणं सोसेनासं झालं, की वाफ बंद."

"काका भलतेच चवीनं पिणारे दिसतात!"

"चव कुठली? दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. वाससुद्धा येत नाही. माझ्यासाठी करतात रोज."

"अगंबाई! मग जमली की नाही, हे त्यांना कळतं कसं?"

"मी पहिला घोट घेते, ते माझ्या कपाळाकडे बघतात. एकदा मी उगाच 'छान' म्हटलं, तर 'आठी पडलीय' म्हणाले, कप ओतून टाकला आणि पुन्हा पाणी तापवायला घेतलं."