आवण जून होण्याआधी

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. वैशाखऱ्याहून चिखल तुडवत आलेल्या पाहुण्यांनाही. मला सभेत बोलायची सवय नाही. म्हणून जे सांगायलाच हवं, ते आधी सांगते.

ओढ्याला पूर आला त्या संध्याकाळी मी तुम्हाला म्हणाले, महादूकाका बैलांसाठी मागे फिरला आणि वाहून गेला. ते चूक होतं.

बैल घरी आले तेव्हा त्यांच्या मानेवर जू नव्हतं. एवढंच मी पाहिलं. बाकीचं मनाने जोडलं. बैल सुटून पळाले असणार, काका त्यांच्यामागे गेला असणार. माझ्या तोंडून निघालं ते गावभर झालं. काल देवळापाशीही ऐकलं, "बैलांपायी गेला रे बिचारा."

बैलांपायी नाही गेला. चिखलणी थांबवून बैल सोडले ते त्यानेच. जू नंतर गाळात सापडलं. बैलाची मान अडकवायच्या खुंट्या मोडलेल्या नाहीत, हाताने उपसून काढलेल्या आहेत. बैल सोडले आणि काका वळला खालच्या खाचराकडे. तिथे आपल्या बौद्धवाडीतली सुरेखाताई आणि तिची सासू लावणी करत होत्या. कंबर वाकलेली, पाठीवर इरलं, त्यावर पावसाचा आवाज. वरून येणारं पाणी त्यांना दिसलंच नव्हतं.

सुरेखाताई इथे बसली आहे. तिचेच शब्द सांगते. "दादा वरडत आला, 'उठा गो, ओढा आला!' म्हातारीला बांधावर ढकलली. मला हात दिला. मी वर चढली, नि त्याच्या पायाखालचा बांध गेला."

असा गेला महादूकाका. यापुढे कोणी विचारलं तर असंच सांगा.

माझी पहिली शाळा म्हणजे हा काका. ओल्या बांधावर काडीने अक्षरं काढून द्यायचा. कुठलीही बातमी घेऊन गेले की विचारायचा, "बघितलंस का ऐकलंस?" ऐकलं म्हटलं की, "मग जा, बघून ये." लावणीला मी ओळ सरळ यावी म्हणून धडपडायची, तर सगळ्यांसमोर ओरडायचा, "गो बाय, तू लावणी करतेस का रांगोळी काढतेस? तुजी एक ओळ होयल तवर बाकीच्यांचा भात शिजल!" बाया हसून हसून चिखलात बसायच्या. मी रुसायची. तो मात्र रोपांच्या मुठी माझ्याच हाताशी टाकत राहायचा.

आता जे बोलायचं आहे ते मला जड जातंय.

पुराने ओढ्याकाठची सगळी आवणं नेली, लावणीसाठी पेरलेल्या रोपांसकट. तुमची, आमची, बौद्धवाडीची. गाळ उपसता येईल, बांध पुन्हा घालता येतील. पण लावायला रोप कुठून आणायचं? गावात आज एकच आवण उभं आहे, वरच्या माळावरचं, काकाचं. तो दर वर्षी जास्तच पेरायचा. म्हणायचा, कोणाचं तरी कमी पडतंच.

आणि त्या आवणाला कोणी हात लावत नाही. कारण आमच्या घरात सुतक आहे.

तात्याआजोबा, तुम्ही काल म्हणालात, "दहावा होऊ दे, पोरी. सुतकाच्या घरचं रोप नेऊ नये." तुमचं स्वतःचं खाचर रिकामं आहे, तरी काकाचा मान ठेवायला तुम्ही हे बोललात. मी ते कमी लेखत नाही. पण आज सकाळी मी एक रोप उपटून चिरून पाहिलं. कांडं धरायला लागलंय. दहाव्यापर्यंत आवण जून होईल, रोप निबर पडेल. मग लावलं तरी फुटवा येणार नाही. हे मी तुम्हाला काय सांगायचं?

सुरेखाताई म्हणाली, "आमी सुतक पाळत नाय. आमी उपटतो, तुमी फक्त लावा." ताई, तुझं मन मला कळलं. पण नको. उद्या कोणाच्या घरात साधा ताप आला तरी लोक बोट दाखवतील तुमच्या वाडीकडे. रीत मोडायची तर आमच्या घराच्या हाताने मोडू दे. बोट आमच्या दाराकडे येऊ दे.

काकीला विचारायला गेले, तर दारातच पाय अडला. तीच म्हणाली, "घुटमळतेस कशाला गो? आवण मागायला आलीस ना? ने. त्यानं काय वाळवायला पेरलं होतं?"

मला भीती वाटते. माझं चुकत असेल, असंही वाटतं. पण गावाची खाचरं पडीक ठेवून काकाला कसला मान द्यायचा? दुसऱ्याच्या खाचरात धावत गेलेला माणूस तो.

आता सगळे उभे राहूया. काकासाठी थोडा वेळ गप्प राहूया. त्यानंतर मला आज कोणी उत्तर द्यायची गरज नाही. घरी जा, विचार करा. पटलं नाही तर रागवा, तोही तुमचा हक्क आहे.

परवा गुरुवार. गुरुवारी उजाडलं की मी माळावर काकाच्या आवणात उतरणार आहे. ज्याला रोप हवं त्याने यावं. कोणी आलं नाही, तरी गुरुवारीच.