आईची स्वारी

डोळ्यांच्या दवाखान्यात, थेंब घालून डोळे मिटून बसलेल्या शिंप्याच्या कानांवर शेजारच्या बाकावरच्या मायलेकांचं बोलणं पडत होतं.

"आई! घरी गेलो तर दाराला कुलूप. एकटी आलीस?"

"तुझी वाट बघून कंटाळले. बिनड्रायव्हरची गाडी बोलावली. दारात उतरवलं अन् गेली आपली दुसऱ्याला आणायला."

"भीती नाही वाटली?"

"तू चालवतोस तेव्हा वाटते, तेवढी नाही. डोळे अधू झाले म्हणून गाडीची किल्ली काढून घेतलीस ना माझ्याकडून? त्यानंतर आज पहिल्यांदा एकटी फिरले बघ! तपासणीसुद्धा उरकली. तू का घामाघूम?"

"पार्किंगच मिळेना. चार गल्ल्या सोडून गाडी लावली, पळत आलो."

"अरेरे! चल, परतीसाठी बोलावलेली माझी गाडी आलीच दारात. तुला सोडते तुझ्या गाडीपर्यंत."