मिसअलायन्स

...नाई नाई, हसू नका तुमी! शब्दाले भेणारा माणूस पाह्यला नसंल, तर हा पाहून घ्या. श्रावण, उमरेडच्या कोष्ट्याचा पोरगा, पोस्टात कारकून, राहणार नागपुरात, सक्करदऱ्याले! अहो, वाघ आला तर माणूस झाडावर तरी चढते, पण इंग्रजी शब्द अंगावर आला तर जावं कुठी? मले भेव लागते, तुम्हाले सांगतो!

झालं काय, दोन सालामागं, पन्नास साली, माहं लग्न ठरून राह्यलं होतं. ठरून म्हणजे, मी अन् चारुशीला, दोघांनीच ठरवलं होतं! ती शाळेत मास्तरीण, खिडकीवर तिकिटं घ्याले यायची... असो. तिले आईबाप नाई, काकानं वाढवलं. गिरिधरराव, कोर्टातले रिटायर पेशकार, भोसल्यांच्या राज्यापासून कलम धरणारं घराणं! अन् आमचं घराणं मागावर बसणारं. तरी माह्या बापानं, बाबनरावानं, हिंमत करून मागणीचं कार्ड टाकलं. उत्तर आलं... इंग्रजीत! बाप तसाच मोटारीत बसून नागपूरले. "वाच गा, श्रावण."

वाचलं. महिन्याअखेरच्या रविवारी घरी या, हे समजलं. पण मधातच एक शब्द आडवा, मिसअलायन्स! मॅट्रिकले इंग्रजीनंच मले दोनदा पाडलेलं, आता हा तिसरा पैलवान! धावलो आमच्या टायपिस्टकडे, भैयाजीकडे. तो पानाची पिंक टाकून म्हणते कसा, "सोप्पं आहे बे! मिस म्हणजे कुंवारी पोरगी, अलायन्स म्हणजे सोयरीक. कुंवारीची सोयरीक मंजूर म्हणते बुढा!" मी बापाले सांगितलं. बापानं चिठ्ठी कपाळाले लावली, गेला उमरेडले, गल्लीभर पेढे वाटले, अन् सुनेचं लुगडं मागावर चढवलं!

त्या रविवारच्या आदल्या दिवशी सक्करदऱ्याच्या तळ्यावर चारुशीला भेटली. मी खुशीत, "तुझ्या काकानं मिसअलायन्स कबूल केला!" तिचा चेहरा पांढराफटक. "अहो, अर्थ ठाऊक आहे का त्याचा? विजोड लग्न! वरच्या घरानं खालच्या घरात केलेली सोयरीक! नाही म्हणायला बोलावलंय काकांनी तुम्हाला!" तळं माह्याभोवती गरगर फिराले लागलं हो... आता बापाले सांगू कसं? पेढे गल्लीच्या पोटात, लुगडं मागावरून उतरलेलं! मले भेव लागते, तुम्हाले सांगतो!

दुसऱ्या दिवशी बाप आला. धुवट धोतर, नवी टोपी, खाकेत लुगडं. सांगाले तोंड उघडलं की बाप म्हणते, "काहून गा, घाम काहून फुटून राह्यला?" की माहं तोंड बंद! असं करत करत काकाच्या बैठकीत पोचलो.

काकानं घसा खाकरला. "हे पहा बाबनराव, मी पत्रात जो शब्द वापरला तो पूर्ण विचार करूनच..." अन् माहा बाप हात जोडून उभाच! "साहेब, तो शब्द आमच्या साऱ्या गल्लीले पाठ झाला! मिसअलायन्स! साठीले आलो जी, पण मोठ्या घरच्या माणसानं आमाले इज्जत लिहून पाठवली, अशी पहिलीच खेप. हे घ्या, या हातानं विणलं." अन् लुगडं ठेवलं काकाच्या मांडीवर!

मी डोळे मिटले. आता अर्थ निघते, आता बापाची टोपी खाली जाते... तेवढ्यात दारातून चारुशीला, अगदी हळू, "काका, सांगा ना त्यांना अर्थ. तुमच्याच तोंडानं सांगा."

काकानं चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. लुगड्याच्या काठावरून बोट फिरवत राह्यले. "अर्थ... अर्थ असा की... एवढा बारीक काठ? हातानं?"

"हातानंच जी."

काकानं लुगड्याची घडी नीट केली. मग काका खाली पाहत म्हणाले, "शब्द चुकला माझा. चारू, चहा ठेव."

बापाले वाटलं, स्पेलिंग चुकलं! "चालते जी, चालते! आमाले कुठं समजते!"

झालं लग्न. पण भेव गेलं का? कायचं जाते! बाप आता उमरेडच्या हरेक लग्नात नवरदेवाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणते, "तुमचा मिसअलायन्स सुखाचा होवो!" लगीनसराई आली की वऱ्हाडात अर्थ समजणारा शिकलेला व्याही तर नाई ना, हे मी पाहत फिरतो... मले भेव लागते, तुम्हाले सांगतो!

काल शेवटी बायकोले म्हटलं, तू मास्तरीण, तूच सांग बापाले, हा शब्द आपल्याले लागू नाई म्हणून. ती वह्या तपासून राह्यली होती, मानही वर केली नाई. "लागू कसा नाही? चार दिवस झाले सांगून, घासलेट आणलं का तुम्ही?"

...नव्हतं आणलं! गुमान डबा उचलला अन् निघालो.