ताकद राखून ठेव

यवतच्या थांब्यावर एसटीची वाट बघता बघता सुलतानबीचे कान किटले. शेजारी राहू गावचे आनंदराव म्हाताऱ्या इमाम वस्तादांशी हुज्जत घालत होते.

"माझ्या बापानं जत्रंत मारुतीपुढचा गोटा उचलला, वस्ताद! त्येचंच रगात ह्या मच्छिंद्रात हाय. मग पोरगं कुस्ती हारतंय कसं?"

"बैठका मारत न्हाई म्हणून!"

"रगतातच असल्यावर बैठका कशाला?"

"आवो, तुमच्या बापाला त्यो गोटा कैक जत्रा हलला न्हाई. गाव हसायचं. बैठका मारमारून मग उचलला. मी बघितलंय."

"काय बी सांगू नगा!"

एसटी आली. दांडगा मच्छिंद्र बापाचं शेंगांचं पोतं उचलायला वाकला.

"राहू दे रं, ताकद राखून ठेव," आनंदराव खेकसले. "वस्ताद, तुम्ही जरा हात लावता का?"