एक दाणा, एक घास

…अन् वरून आमचे हे मलेच म्हणतात, "तुनं मासे मारले!" तुमाले सांगते, आमच्या मेडशीत लोकं बकरी पाळतात, कोंबडी पाळतात, आमच्या मंजूच्या पप्पायले समुद्रातले मासे पाळाचे होते! समुद्र कुठं, आमी कुठं… पण आणले! काचाची टाकी, पार्सलनं आलेलं मीठ, अन् चार केशरी मासे. मी घरात ठेवू देले. काहून? तं आमची मंजू! तीन वर्साची पोट्टी, अंगणवाडीतली बाई दर महिन्याले तिचं वजन करते अन् माह्याकडं अशी पाह्यते का जसं मीच उपाशी ठेवते. थे मंजू टाकीपुढं बसली का मासा तोंड उघडे, मंजूबी उघडे, का लगेच घास आत! सांगा, माह्या जागी तुमी काय केलं असतं?

मंग हे पंधरा दिवस कारंज्याले कामावर गेले. जाताना म्हणे, "ऊन लय आहे, टाकीतलं पाणी उडते. रोज भरत जाय." अन् ठेवल्या दोन कॅना, एक साध्या पाण्याची, एक मिठाच्या. कोणती भरू, थे सांगतलंच नाई! सासूबाईले इचारलं. आमच्या सासूबाई विमलबाई म्हणजे साऱ्या गल्लीले सल्ला देणाऱ्या… "समुद्रातल्या माशाले गोडं पाणी? मरतीन ना वं! खारंच टाक." टाकलं. रोज दोन-दोन तांबे. सांगा, माह्या जागी तुमी काय केलं असतं?

तेराव्या दिवशी दुपारी पाह्यते तं तीन मासे उलटे! चवथा तळाशी पडून, गलफडं धपधप… फोन लावला. तिकडून हे वरडले, "अवं, पाणी उडते, मीठ उडते का? वरण आटलं तं त्यात मीठ टाकतं का पाणी?" घ्या! लहानपणापासून सैपाक करून राह्यली मी, अन् हे मले फोनवर समजलं! मागून सासूबाई, "मी तं म्हणतच होती, गोडं टाक!"

हे म्हणे, "त्याच पाण्यात मासा बादलीत घे. अर्ध्या घंट्यानं एक-एक गिलास साधं पाणी टाक. एकदम ओतलं तं जाईन थो!" अन् तवाच लाईन गेली! हवेचा पंप बंद! पाण्यात हवा जावी म्हणून मी मगानं पाणी उचलू उचलू सोडून राह्यली, एक डोळा घड्याळावर, एक माशावर, अन् बाजूले मंजू थाटीपुढं तोंड गच्च बंद करून. "मासा जेवला?" नाई बाई. "मंग मीबी नाई." दोन दिवस, तुमाले सांगते, दोन घोट दुधावर… अन् वजनाचा दिवस शनवारी! सांगा, माह्या जागी तुमी काय केलं असतं?

हे आले. टाकी रिकामी केली, नवं पाणी, नवं मीठ… म्हणे, "पुन्हा पयल्यापासून. महिनाभर टाकी नुसती चालू द्या लागते, मंग मासा." तवरक थो बादलीतच. ह्यायनं माशाच्या खाण्याचे दोन दाणे टाकले. आमी सारे श्वास रोखून… मासा वर आला. दाणा घेतला. थुकला! माहा जीव गेला. पुन्हा घेतला… गिळला! दुसराबी! मी रडली हो, खरंच रडली. मंजूनं तोंड उघडलं. एक घास. दोन घास. अन् तोंड बंद! "मासा दोनच जेवला."

"अवं, टाका ना अजून दाणे!" तं हे म्हणतात, "दोनच. जास्त टाकले का बादलीतलं पाणी नासते."

मंग काय… बसली आहे ब्लेड घेऊन, एकेका दाण्याचे पाच-पाच तुकडे करत.