बिनगव्हाचा ओटकेक

—नाही, नाही काकू, तो डबा ओट्यावर ठेवूच नका, तिथे माझं पीठ आहे — बाहेर ठेवा, पॅसेजमध्ये, बुटांच्या रॅकवर. राग नका मानू. आणि मानलात तरी चालेल. आई वर झोपलीये, आत्ताच डोळा लागलाय तिचा, तर बसा पाच मिनिटं त्या स्टुलावर, पण कशाला हात लावू नका, हा चमचासुद्धा नाही. घरी पोळ्या करून आलात ना? बघा, बांगडीला कणीक चिकटलीये — ई! तेवढी पुरते, काकू. तेवढ्याशा गव्हाने आईचं पोट आठवडाभर छळतं तिला, सीलिअ‍ॅक आजार म्हणजे काय ते किती वेळा सांगू, आणि तुमचं सगळ्यांचं आपलं एकच, ‘थोडंसं चालतं गं.’ मला त्या ‘थोडंसं’चीच किळस आलीये. बाबा तेच, महाराष्ट्र मंडळातल्या बायका तेच. गेल्या महिन्यात स्नेहसंमेलनाला वैभवीताईच्या सासूबाईंनी आईच्या पानात सरळ पुरणपोळी वाढली — तुपाबरोबर खा, काही होत नाही — आणि आईने खाल्ली! हसत हसत! का, तर त्यांना वाईट वाटू नये. मग दोन दिवस बाथरूममध्ये, दार लावून, नळ सोडून, म्हणजे मला उलट्यांचा आवाज येऊ नये. आग्रह म्हणे. दुसऱ्याचं तोंड उघडून त्यात आपला मोठेपणा कोंबायचा, याला आग्रह म्हणता तुम्ही.

काय करतेय? ओटकेक. नाही, घावन नाही. आंबोळीही नाही. जगातली प्रत्येक गोल वस्तू आपल्याकडचीच का वाटते तुम्हाला? हा इंग्रजांचा आहे, स्टोक गावचा, मी तिथे तीन वर्षं शिकायला होते ना — आमच्या गल्लीत एक म्हातारा स्वतःच्या घराच्या खिडकीतून विकायचा, रविवारी सकाळी फुटपाथवर ही एवढी रांग, आणि हातात असा मऊ, गरम, ताटलीएवढा ओटकेक पडायचा, लोक त्यात बेकन आणि चीज घालून दुमडून खायचे, मी मशरूम घालायचे. आता त्या खऱ्यात असतं काय, तर ओट्स, गव्हाचं पीठ, दूध, यीस्ट. म्हणजे आईला विषच. मग मी गहू काढला, दूधही काढलं — तिला सध्या पचत नाही, आणि मी तर कधीच सोडलंय — आणि मग उरला काय, चिखल. पहिले कितीतरी तव्यालाच चिकटले, उलथन्याने खरवडले आणि बिनमध्ये. बाबा म्हणाले, भिंतीला लाव, वॉलपेपर चिकटेल. काय विनोद! मग कुट्टूचं, ते उपासाचं पीठ घातलं, आणि धरून ठेवायला इसबगोल — हसा, हसा तुम्ही. तुमच्याकडे तो बाथरूमच्या कपाटात असतो, माझ्याकडे पिठात. पण आता बघा, या, लांबूनच बघा — पडली की नाही जाळी? तुटतो का? नाही तुटत. स्टोकच्या म्हाताऱ्याला दिला तर फरक ओळखणार नाही तो.

ओट्स पण साधे नाहीत हं. साधे गव्हाच्याच शेतांशेजारी पिकतात, गव्हाच्याच गिरणीत दळले जातात. हे ग्लूटेन-फ्री, गव्हाचा कणही न लागलेले, वेगळ्या पाकिटातले. रोज सकाळी दोन. मी समोर उभी राहते — म्हणजे, उभी राहायलाच लागतं, नाहीतर ती अर्धा तसाच ठेवते. शेवटचा घास गिळला की मी ऑफिसची ट्यूब-ट्रेन पकडायला धावते. आणि एवढं करून, काकू, एवढं करून तिचं वजन उतरतंच आहे. पोट फुगलेलंच. गालांची हाडं दिसायला लागलीयेत. म्हणजे काय? म्हणजे ती बाहेर कुठेतरी चोरून खातेय, दुसरं काय असणार? परवा मी बिन उपसलं. हो, हाताने. तिची पर्सही बघितली. त्यात लाजायचं काय, मी चोर आहे का? आणि सापडलं काय, तर कोटाच्या खिशात, टिश्यूत गुंडाळलेला माझाच ओटकेक. अर्धा. बसमध्ये भूक लागली तर म्हणून नेला असेल. म्हणजे आवडतो तिला. तेवढंच बरं वाटलं मला.

तुमच्या डब्यात काय आहे पण? भाकरी. ज्वारीची. वा, आणि थापलीत कशात, त्याच कणकेच्या परातीत? — नवी? नवी परात कशाला आणलीत तुम्ही? तवा पण नवा? — आईसाठी? थांबा. आई तुमच्याकडे जेवते? दर बुधवारी? मी ऑफिसला गेले की? आणि सोबत पिठलं असेल, त्यात हिंग असेल, आणि त्या हिंगात मैदा असतो हे — माहितीये? तुम्हाला? कोणी सांगितलं? डायटिशियनने तुम्हाला कशाला सांगावं? — तुम्ही बरोबर गेला होतात. मला आई म्हणाली, फोनवरच झाली अपॉइंटमेंट. तुमच्याबरोबर जाते आणि मला... बरं. काय म्हणाली ती डायटिशियन? तोंडात धरून ठेवू नका, बोला.

ओट्स? नाही, हे ग्लूटेन-फ्री आहेत, आत्ताच सांगितलं ना — हेही? हेही बंद? कधीपासून? — दिवाळीच्या आधी? अहो, आता होळी येईल!

माहितीये मला. नाही, खरंच माहितीये, वाचलंय मी, काही थोड्या लोकांना ओट्सही सोसत नाहीत म्हणून. वाचलं आणि पान बंद केलं. म्हटलं, थोड्यांनाच होतं ना, त्यात आई कशाला असेल. पण तिने सांगायचं ना! माझ्या तोंडावर फेकायचा होता तो ओटकेक! मी रोज विचारते, बरा झालाय का, आणि ती म्हणते, कालच्यापेक्षा छान झालाय गं. काय म्हणाली ती तुम्हाला? — नका. नका सांगू. कळलं मला. ‘पोरगी एवढ्या हौसेने करते’, हेच ना. कळलं.

किती मूर्ख बाई आहे ती. आणि मी तिच्यासमोर उभी. रोज. पूर्ण संपव आई, ताटलीत नाही ठेवायचं.

श्श्. जिन्यावर — आई? उठलीस? सावकाश ये... नाही, नको, खाली नको येऊस, वरच थांब. — नाही गं, आज नाही झाला ओटकेक. पीठ बिघडलं. हो, फार आंबलं. — सगळंच टाकतेय. उद्याही नाही. मलाच कंटाळा आलाय रोज रोज करायचा. — छे, वाईट कसलं वाटायचंय!

...हसली ती. ऐकलंत ना तुम्ही? किती दिवसांनी.

तुम्ही माझ्याकडे काय बघताय, काकू? तिच्याकडे जा. नाही, मी नाही येत आत्ता. जा म्हटलं ना.